गुन्ह्यातल्या पीडितांना मदत करणाऱ्या मुंबईतल्या संस्थांचा सर्व्हे : नेमकं काय विचारायचं?

मृण्मयी_पार्ले

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण, म्हणजे समाजकार्य शिकवणाऱ्या दोघी, एक पत्रकार मित्र आणि मी, मुंबईत गुन्ह्यातल्या पीडितांना सेवा देणाऱ्या संस्थांचा सर्व्हे करायला घेतोय. कुणाचा निधी नाही, कुणाचं प्रोजेक्ट नाही. प्रश्नावलीचा खर्डा छापायला देण्याआधी इथे चर्चा व्हावी असं वाटतं, कारण इथल्या अनेकांनी पोलीस स्टेशनच्या, कोर्टाच्या आणि सरकारी इस्पितळाच्या पायऱ्या चढलेल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. या कामात मुंबई देशाच्या पुढे राहिलेली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तक्रार घेऊन आलेल्या बाईचं ऐकून घ्यायला पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसलेली असेल, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. कामाठीपुऱ्यात वेश्यावस्तीतल्या बायकांच्या मुलांसाठी काम करणारी 'प्रेरणा' १९८६ पासून आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच जन्मली. २००० साली महापालिका आणि 'सेहत' ही आरोग्यावर संशोधन करणारी संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं केलं. मार खाऊन केसपेपर काढायला आलेल्या बाईला तिथेच समुपदेशन मिळावं, हा त्यामागचा विचार. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रं सुरू झाली. धारावीत 'स्नेहा' आहे. बलात्कार पीडितेच्या बाजूने थेट कोर्टापर्यंत जाणाऱ्या 'मजलिस'च्या वकील आहेत. दादरला स्त्री मुक्ती संघटना आणि 'अक्षरा' आहेत.

ही यादी महिला आणि मुलांची आहे. ते योग्यच आहे. ऐंशीच्या दशकातल्या स्त्रीचळवळीने रस्त्यावर उतरून हे सगळं मिळवलं आणि त्यातलं काहीही कमी होता कामा नये. पण मारामारीत डोळा गेलेला हातगाडीवाला, खून झालेल्या तरुणाचे आईवडील, फोनवरच्या भामट्याने आयुष्याची पुंजी लुटलेले निवृत्त शिक्षक, यांनी कुणाचं दार ठोठवायचं?

असे सर्व्हे साधारणपणे 'आपण कोणकोणत्या सेवा देता?' इथून सुरू होतात. खाली चौकटी असतात: समुपदेशन, कायदेशीर मदत, निवारा, वैद्यकीय मदत. भराभर खुणा होतात, अहवालात सुंदर तक्ता येतो, आणि शहरात सगळं काही उपलब्ध आहे असं चित्र उभं राहतं. माझ्या मते सर्व्हेचा गाभा दुसऱ्याच प्रश्नात असायला हवा: गेल्या महिन्यात तुमच्याकडे आलेल्या कुणाला तुम्ही मदत करू शकला नाहीत? का? त्यांना पुढे कुठे पाठवलंत? आणि ते तिथे पोचले का, हे तुम्हाला कळलं का?

हा प्रश्न विचारला तर उत्तरं खरी मिळतील का? आणि याखेरीज काय विचारायला हवं?

---

प्रकाश_वडाळा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहितो.

माझ्या मावसभावाला रस्त्यावरच्या भांडणात भोसकलं. तो गेला. मागे वहिनी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. त्या रात्रीपासून पुढचे कित्येक महिने आम्ही काय काय शोधत होतो, ते सांगतो. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कधी मिळणार. मृत्यूचा दाखला कुठून काढायचा. भावाच्या खात्यातले पैसे कसे काढायचे. मुलांची फी. आरोपीला जामीन मिळाला, तो त्याच गल्लीत परत राहायला आला, आता काय करायचं. केस कुठल्या कोर्टात, तारीख कधी. तपास अधिकाऱ्याची बदली झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पोलीस स्टेशनमध्ये आम्हाला कुणी वाईट वागवलं नाही. पण तिथल्या लेखी वहिनी म्हणजे एक साक्षीदार. जबाब झाला, सही झाली, जा घरी. वहिनी एका महिला संस्थेत गेल्या, तिथल्या बाईंनी पाणी दिलं, अर्धा तास ऐकून घेतलं आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्याकडे नवऱ्याकडून होणाऱ्या छळाच्या केसेस असतात, तुमच्यासारख्यांचं काम कोण करतं हे आम्हालाच माहीत नाही.

नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो, हे आम्हाला खूप उशिरा एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं. म्हणून संस्थांना हेही विचारा: खून झालेल्या माणसाच्या घरच्यांना तुम्ही काय सांगता?

---

ॲड_शर्वरी

प्रकाशदादा, वाचून वाईट वाटलं. उशीर झाला असला तरी वहिनींना एकदा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय) घेऊन जा. कायद्यातली स्थिती इथे लिहून ठेवते, इतरांनाही उपयोग होईल.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७ अ आलं, ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. पीडिताच्या व्याख्येत त्याचे वारसही येतात, म्हणजे तुमच्या वहिनी आणि मुलं. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही अर्ज करता येतो. हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. रक्कम विधी सेवा प्राधिकरण ठरवतं आणि चौकशी दोन महिन्यांत संपवावी असं कायदा सांगतो. तातडीची अंतरिम मदतही मागता येते.

बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे. सुरुवातीला कमाल ३ लाख रुपये मिळत, नंतर ती मर्यादा १० लाखांवर गेली आणि कामही विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. अशा पीडितांवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार केलेच पाहिजेत.

बाईला किंवा मुलाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ पाहा. हेल्पलाइन १५१००.

आता सर्व्हेबद्दल. संस्थांना 'कायदेशीर मदत देता का' विचारलंत तर सगळे हो म्हणतील. कुणाकडे कोर्टात उभा राहणारा वकील असतो, कुणाकडे महिन्यातून एकदा सल्ला द्यायला कुणी येतं, कुणाकडे फक्त एक फोन नंबर असतो. म्हणून असं विचारा: भरपाईचा अर्ज कोण भरून देतं? सोबत प्राधिकरणात कोण जातं? अर्जाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा कोण करतं? आणि पोलिसांनी तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवायची असते (नव्या संहितेचं कलम १९३), ते होतं का, हे संस्थेत कुणी तपासतं का?

दुसरं म्हणजे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत, त्यांची प्राधिकरणं वेगळी. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला की माणूस हेलपाटे घालत बसतो. दोन्हीकडे माहितीच्या अधिकारात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, कोणत्या गुन्ह्यांसाठी, हे मागवा. प्रत्येकी १० रुपयांत तुमच्या सर्व्हेला भक्कम पाया मिळेल.

---

निशिगंध

मी पालिकेच्या एका रुग्णालयात समुपदेशक आहे. कुठलं ते लिहीत नाही.

मृण्मयीताई, तुमचा मुख्य प्रश्न मला पटला, पण तो गूगल फॉर्मवर विचारू नका. 'कुणाला मदत करू शकला नाहीत' हे वाचून संस्थेचे पदाधिकारी लिहितील, 'असं कुणी नाही'. निधी देणारे वाचतील ही भीती असते. तोच प्रश्न समोर बसून, पदाधिकाऱ्यांना न विचारता रोज दाराशी बसणाऱ्या कार्यकर्तीला विचारा. ती तुम्हाला माणसं सांगेल. माझ्याकडे येतात ती मी आत्ता सांगू शकते: मुलगा मारतो म्हणून आलेले सत्तरीचे आजोबा. घरमालकाने मारलेला नेपाळी वॉचमन. दारू पिऊन आलेली बाई, जिला कुठलंच निवारागृह त्या रात्री घेत नाही. सोबत बारा वर्षांचा मुलगा असलेली आई; तिला जागा मिळते, मुलाला मिळत नाही, मग ती पुन्हा त्याच घरी जाते.

हे शेवटचं नीट विचारा. निवारा आहे का, एवढ्यावर थांबू नका. कुठल्या वयापर्यंतचा मुलगा आईसोबत राहू शकतो? मानसिक आजाराची औषधं सुरू असलेल्या बाईला घेता का? एचआयव्ही असलेल्या बाईला? तृतीयपंथी व्यक्तीला? रात्री अकरानंतर दार उघडतं का? आधी पोलिसांचं पत्र लागतं का? नियम छापील नसतात, पण सगळ्यांना माहीत असतात.

दुसरी विनंती. कुठल्याही एका केसची गोष्ट मागू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि नाव गाळलं तरी वस्ती, वय, महिना एकत्र आले की शेजारी ओळखतात. आकडे आणि अडचणी मागा, माणसाची कहाणी मागू नका.

---

रोहन_ठाणे

एक सुचवतो. आपणच पीडित म्हणून सगळ्या हेल्पलाइनना फोन करून बघायचे. खरी परिस्थिती लगेच कळेल. ग्राहक संघटना दुकानांत असंच करतात.

---

निशिगंध

रोहन, कळकळीची विनंती, हे करू नका. बऱ्याच ठिकाणी फोन घेणारी एकच व्यक्ती असते. तुमचा खोटा फोन वीस मिनिटं चालला तर त्या वीस मिनिटांत खरा फोन लागत नाही. आणि खोटी कहाणी ऐकतानाही ऐकणारीच्या मनावर खरा ताण येतो.

---

विसूकाका

मी आयुष्यभर नमुना सर्वेक्षणाच्या खात्यात काढलं, त्या अनुभवावरून चार गोष्टी.

रोहनची शंका रास्त आहे, तिला साधा उपाय आहे. नाव सांगून फोन करा: 'आम्ही सर्व्हे करतोय, नंबर चालू आहे का एवढंच पाहतोय.' अर्ध्या मिनिटात फोन ठेवा. सकाळी, संध्याकाळी, रविवारी, असं वेगवेगळ्या वेळी करा. यादीतले किती नंबर लागतात हा एकच निष्कर्षही फार मोलाचा असेल.

आता यादीबद्दल. ती कुठून आणणार? वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले न्यास आहेत, संस्थांच्या नोंदणीचं सरकारी एनजीओ दर्पण पोर्टल आहे, पण नोंदणीच्या उद्दिष्टांत शिक्षणापासून वृक्षारोपणापर्यंत सगळंच लिहिलेलं असतं, त्यावरून काम कळत नाही. माहीत असलेल्या संस्थांपासून सुरू करा. प्रत्येकीला विचारा, 'तुम्ही माणसं कुठे पाठवता?' आलेली नवी नावं यादीत घाला. नवं नाव येणं थांबलं की यादी पुरी झाली असं समजा. संख्या आवाक्यातली निघेल, तेव्हा नमुना काढत बसू नका, सगळ्यांनाच विचारा.

मोजायचं एकक संस्था नको, केंद्र घ्या. एकाच संस्थेचं धारावीतलं केंद्र आणि दुसऱ्या वस्तीतलं केंद्र यांच्या वेळा, भाषा, माणसं वेगळी असतात.

सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचं राहिलं: संस्थांनी दिलेल्या पीडितांच्या संख्येची बेरीज करू नका. एकच मुलगी रुग्णालयात, विशेष कक्षात, वकिलाकडे आणि विधी सेवा प्राधिकरणात जाते, तेव्हा ती चार ठिकाणी मोजली जाते. बेरीज छापलीत की वर्तमानपत्रात ठळक मथळा येईल आणि तो खोटा असेल.

उत्तर न देणाऱ्यांचीही नोंद ठेवा. बहुधा त्या एकदोन माणसांवर चालणाऱ्या छोट्या संस्था असतील. त्यांना गाळून काढलेलं चित्र श्रीमंत संस्थांचं चित्र ठरेल.

---

मृण्मयी_पार्ले

काका, केंद्र हे एकक धरायचं हे पक्कं. बेरीज न करण्याचंही पक्कं. निशिगंध, दाराशी बसणाऱ्या कार्यकर्तीशी बोलायचं तर संस्थेची परवानगी लागेल, पण बोलताना पदाधिकारी शेजारी नकोत, अशी अट आम्ही आधीच पत्रात घालू. तुमचे निवाऱ्याचे प्रश्न जसेच्या तसे घेते.

---

लोकल_प्रवासी

रेल्वेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांजवळून काठीचा फटका मारून मोबाइल पाडणाऱ्या टोळ्या आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यात तोल जाऊन माणसं पडली आहेत, पाय गेले आहेत. हा माणूस कुणाचा? गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, उपचार जवळच्या पालिका रुग्णालयात, घर नालासोपाऱ्याला म्हणजे पालघर जिल्ह्यात, नोकरी लोअर परळला.

आमच्या डब्यातला एक मुलगा असाच पडला. त्याच्या घरच्यांना सगळे सांगत होते, अपघात आहे, नशीब. रेल्वे दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते हे ग्रुपमधल्या एका काकांना माहीत होतं म्हणून निभावलं. गाडीतून पडणं आणि गाडीतली लूटमार, दोन्ही रेल्वे कायद्याच्या भरपाईत बसतात. मृत्यू झाल्यास २०१७ पासून ८ लाख रुपये आहेत, पण अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो आणि तिकीट किंवा पास हाताशी असला तर प्रवासी असल्याचं सिद्ध करणं सोपं जातं. म्हणून पास जपून ठेवा, पडलेल्याच्या खिशातला पास शोधा, हे सांगणारं कुणीतरी इस्पितळातच हवं.

संस्थांना विचारा की मुंबईबाहेर राहणारा पण मुंबईत गुन्हा घडलेला माणूस तुम्ही घेता का. रोज लाखो लोक या व्याख्येत बसतात.

---

ॲड_शर्वरी

याला जोडून: अनोळखी वाहनाने उडवून पळ काढला असेल तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये मिळतात. ऑनलाइन फसवणुकीत मात्र सगळं पहिल्या काही तासांवर असतं, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता राहते. पण नंतरच्या महिन्यांत फसवल्या गेलेल्या आजोबांना शरमेने कुणाशी बोलता येत नाही, मुलं रागावतात, त्यासाठी कोण आहे हे सर्व्हेतूनच कळेल.

---

अपर्णा_शिवडी

माझी बहीण कर्णबधिर आहे. कुठल्याही हेल्पलाइनवर 'फोन करा' एवढंच लिहिलेलं असतं. तिने काय करायचं? तिच्यावर हल्ला झाला तेव्हा जबाबासाठी दुभाषी मी होते, आणि काही गोष्टी तिला माझ्यासमोर सांगायच्या नव्हत्या हे मला नंतर समजलं. वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, सांकेतिक भाषेचे प्रशिक्षित लोक या शहरात आहेत. संस्थांना विचारा की दुभाष्याची यादी तुमच्याकडे आहे का, त्याचं मानधन कोण देतं, मेसेजवर संपर्क होतो का, आणि तुमच्या कार्यालयाला लिफ्ट किंवा रॅम्प आहे का. बऱ्याच संस्था जुन्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर आहेत.

---

सलमा_गोवंडी

मी गोवंडीत एका छोट्या संस्थेत काम करते. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

एम पूर्व वॉर्डात सर्व्हे करणारे खूप येतात. कॉलेजची मुलं, परदेशी विद्यापीठं, कंपन्यांचे सीएसआरवाले. आमच्या ताया दिवसभर कोर्ट, पोलीस, दवाखाना करून संध्याकाळी चाळीस चाळीस प्रश्नांची उत्तरं देतात. अहवाल कुठे जातो ते आम्हाला कधीच समजत नाही. इथे बायकांना मराठी, उर्दू, भोजपुरी, तामिळ, सगळं लागतं आणि आमच्याकडे पगारी माणसं फार थोडी. ज्यांना आम्ही परत पाठवतो त्यांची नावं आम्हाला पाठ आहेत. रात्री झोप येत नाही त्यांच्यामुळे. ते तुम्हाला सांगायला आमची ना नाही. पण सांगून झाल्यावर काय?

तुमच्या सर्व्हेतून आम्हाला एकच गोष्ट हवी आहे. कुणाला कुठे पाठवायचं याची चालू, तपासलेली यादी. नंबर लागणारी. 'मुलगा बारा वर्षांचा असला तरी चालेल', 'रात्री दार उघडतं', 'भरपाईचा अर्ज भरून देतात' असं स्पष्ट लिहिलेली. आणि कार्यकर्त्यांच्या समुपदेशनाबद्दल एक प्रश्न घाला. रोज हे ऐकणाऱ्यांचं कोण ऐकतं, हे आम्हाला कुणी विचारलेलं नाही.

---

मृण्मयी_पार्ले

सलमाताई, राग कसला? तुमच्या लिहिण्याने कामाचा क्रम बदलला. आम्ही आज संध्याकाळी फोनवर बोललो आणि असं ठरवलं: आधी यादी, मग अहवाल. माहिती दिलेल्या प्रत्येक केंद्राला ती यादी छापील मिळेल, महिला आणि मुलांपलीकडच्या पीडितांना कोण घेतं याचा वेगळा रकाना तिच्यात असेल, आणि प्रकाशदादांच्या वहिनींसारख्या कुटुंबासाठी ज्या रकान्यात एकही नाव येणार नाही तो रकाना आम्ही रिकामाच छापू, गाळणार नाही. तो रिकामा रकाना घेऊन विधी सेवा प्राधिकरण आणि महिला व बालविकास विभागाकडे जायचं.

प्रश्न पंधरावर आणतोय. मुलाखत पाऊण तासापेक्षा लांबणार नाही, तुमच्या वेळेला, तुमच्या जागी. कार्यकर्त्यांबद्दलचा प्रश्न घेतलाय.

अडचण एकच उरली. मालवणी, मानखुर्द आणि धारावीत मुलाखती घ्यायला उर्दू आणि तामिळ येणारी माणसं हवीत.

---

प्रकाश_वडाळा

शर्वरीताई, उद्या वहिनींसोबत प्राधिकरणात जातोय. एफआयआरची प्रत, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड घेतलंय. अजून काय लागेल?

मृण्मयीताई, मला तामिळ येत नाही, पण आमच्या चाळीतल्या सेल्वीअक्का धारावीत वाढल्या आहेत. त्यांना विचारलं, रविवारी मोकळ्या असतात म्हणाल्या.

---

ॲड_शर्वरी

बँक पासबुकाची प्रत, वहिनींचं आधार, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं बोनाफाईड. आरोपपत्र दाखल झालं असेल तर त्याची प्रत. अर्जात मुलांची नावं वेगळी लिहा, वारस म्हणून त्यांचाही हक्क आहे. अंतरिम मदतीची मागणी त्याच अर्जात करा आणि पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.